ॲनिमेशनपटांची तुलना करायची कशी? चित्राचा दर्जा वेगळा, डोळ्यांतलं पाणी वेगळं

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. कूलरमध्ये पाणी भरायचं, पडदे ओढायचे आणि पोरांना एखादा ॲनिमेशनचा सिनेमा लावून द्यायचा, हा घरोघरचा शिरस्ता. सिनेमा संपला की वाद ठरलेला. एक म्हणतो 'फ्रोझन' भारी, त्यातला बर्फ बघ किती खरा वाटतो. दुसरी म्हणते 'अप' भारी, कारण तो बघताना आईसुद्धा रडली. हा वाद मिटत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडत असतात. एकाचं लक्ष चित्र किती चांगलं आहे याकडे, दुसरीचं ते मनाला किती लागलं याकडे. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या की तुलना सोपी होते, आणि जास्त गमतीची होते.

आधी चित्राचं बघू, कारण ते समजवायला सोपं आहे.

१९९५ चा 'टॉय स्टोरी' हा पूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रं, लागतात. या चित्रपटात अशा सुमारे १ लाख १४ हजार फ्रेम होत्या आणि एकेक फ्रेम तयार करायला संगणकाला पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत वेळ लागत होता. या कामाला रेंडरिंग म्हणतात. दृश्यात दिवे कुठे आहेत, वस्तू कशाच्या बनलेल्या आहेत आणि उजेड त्यांच्यावर पडून कॅमेऱ्याकडे कसा येईल, याचा हिशेब संगणक ठिपक्या-ठिपक्याने मांडतो.

आज तो सिनेमा लावला तर खेळणी अजूनही छान दिसतात, पण माणसं मात्र रबरी वाटतात. माझ्या पुतणीने सिनेमातल्या शेजारच्या दांडगट पोराचा कुत्रा बघून विचारलं होतं, ''काका, हा कुत्रा पण खेळण्यातलाच हाये का?'' प्रश्न बिनतोड होता. त्या काळच्या संगणकावर काहीही काढलं तरी ते प्लॅस्टिकचं दिसायचं. म्हणून तो सिनेमा करणाऱ्या पिक्सार कंपनीच्या मंडळींनी प्लॅस्टिकच्याच वस्तूंची गोष्ट निवडली. तंत्राची अडचण कथेच्या पोटात घालून टाकली. माझ्या मते त्या सिनेमातला सगळ्यात हुशार निर्णय हाच.

माणसाची कातडी इतकी अवघड का? अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट ठेवा. बोट लालसर उजळतं. म्हणजे उजेड कातडीवर आपटून नुसता परत फिरत नाही, थोडा आत शिरतो, मांसात इकडेतिकडे पसरतो आणि दुसरीकडून बाहेर येतो. प्लॅस्टिकच्या बादलीचं असं फारसं होत नाही. हा आत शिरणारा उजेड संगणकाला परवडेल अशा गणितात बसवण्याची पद्धत २००१ च्या सुमारास हाती आली आणि त्यानंतर ॲनिमेशनमधल्या चेहऱ्यांवर जीव दिसू लागला.

केस, पाणी, कापड, बर्फ यांचीही अशीच एकेक लढाई झाली. २००१ च्या 'मॉन्स्टर्स, इंक.'मधल्या सली या राक्षसाच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते आणि ते एकेक करून हाताने हलवणं अशक्य, म्हणून केसांनी आपसूक कसं डोलायचं याचा प्रोग्राम लिहावा लागला. २०१२ च्या 'ब्रेव्ह'मध्ये नायिका मेरिडाच्या डोक्यावर दीड हजारावर कुरळ्या बटा होत्या. कुरळा केस स्प्रिंगसारखा उसळतो, पण स्प्रिंगइतका ताठ दिसायला नको, ही तिथली डोकेदुखी. २०१३ च्या 'फ्रोझन'मधला बर्फ तर धड घनही नाही आणि धड द्रवही नाही. मुठीत दाबला की गोळा होतो, आपटला की भुगा होतो. डिस्नेच्या आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गणितज्ञांनी त्यासाठी कणांचं आणि जाळीचं गणित एकत्र चालवणारी पद्धत वापरली. तेव्हा 'फ्रोझन'च्या बर्फावर जीव टाकणाऱ्या मुलाला नावं ठेवू नका. त्याने बरोबर जागा पकडलीय.

पण या दर्जाला मुदत असते. २००१ ला तोंडात बोटं घालायला लावणारे केस आज एखाद्या मोबाइल गेममध्येही दिसतात. चित्राच्या बळावर उभा असलेला सिनेमा दहा वर्षांत थकतो.

शिवाय खरं दिसणं म्हणजे चांगलं दिसणं, असंही नाही. याचं उदाहरण एकाच आठवड्यात सापडतं. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत काही दिवसांच्या अंतराने दोन सिनेमे लागले, 'द इन्क्रेडिबल्स' आणि 'द पोलर एक्सप्रेस'. दुसऱ्यात टॉम हँक्ससारख्या नटाच्या अंगावर आणि चेहऱ्यावर खुणा लावून त्याच्या हालचाली थेट संगणकात घेतल्या होत्या. हेतू हा, की माणूस हुबेहूब दिसावा. पहिल्यातल्या बापाची छाती दरवाजाएवढी, पाय काड्यांसारखे. खरा असा माणूस रस्त्यात दिसला तर आपण दचकू. आणि तरी इन्क्रेडिबल कुटुंब आपलंसं वाटतं आणि पोलर एक्सप्रेसमधल्या मुलांच्या डोळ्यांकडे बघताना अंगावर काटा येतो.

जपानचे रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच याचं कारण मांडून ठेवलं होतं. एखादी आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडत जाते, पण जवळजवळ माणूस झाली आणि थोडक्यात हुकली की आवड एकदम घसरून तिथे किळस येते. मेंदू कार्टूनला सवलत देतो. माणूस म्हणून समोर आलेल्याला देत नाही. बुबुळांची बारीक थरथर, पापणी लवण्याची वेळ, हसताना गाल वर सरकणं यांत जरा चूक झाली की समोर मडं बोलतंय असं वाटतं.

म्हणून २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'ने उलटी वाट धरली. छापील कॉमिकचे ठिपके ठेवले आणि नव्याने स्पायडर-मॅन झालेल्या माइल्सची हालचाल बऱ्याच ठिकाणी मुद्दाम अडखळती ठेवली: पडद्यावर फ्रेम २४, पण त्याची मुद्रा बदलते सेकंदाला बाराच वेळा. जंगलातल्या दृश्यात शेजारी झोके घेणारा मुरलेला स्पायडर-मॅन पीटर सफाईदार हलतो आणि नवखा माइल्स झटके खात. ते शिकाऊपण डोळ्यांना कळतं, संवादात सांगावं लागत नाही. चित्राचा दर्जा मोजायचा तर मी असा मोजेन: जे दाखवलं त्याने पात्राबद्दल काही कळलं का?

आता मनाला लागण्याकडे येऊ. इथे प्रकरण जास्त रसाळ आहे.

१९८६ मध्ये पिक्सारचे जॉन लॅसेटर यांनी दीड-दोन मिनिटांची एक फिल्म अमेरिकेतल्या संगणक-चित्रकारांच्या परिषदेत दाखवली. टेबलावरचे दोन दिवे, एक मोठा, एक छोटा. छोटा चेंडूवर उड्या मारतो, चेंडू फुटतो, तो खट्टू होतो. फिल्म संपल्यावर जिम ब्लिन नावाचे या क्षेत्रातले मोठे तज्ज्ञ लॅसेटरना काहीतरी विचारायला आले. लॅसेटरना वाटलं, सावल्यांच्या गणिताबद्दल विचारणार. ब्लिननी विचारलं, मोठा दिवा म्हणजे त्याची आई आहे की बाबा?

दिव्याला डोळे नाहीत, तोंड नाही. तरी सभागृहातल्या तज्ज्ञाला त्यात कुटुंब दिसलं. मानसशास्त्रात हे आधीच नोंदलेलं आहे. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल या दोघांनी विद्यार्थ्यांना एक छोटी फिल्म दाखवली, तिच्यात फक्त दोन त्रिकोण आणि एक गोल इकडून तिकडे सरकत होते. काय पाहिलं ते सांगा म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांनी गोष्टच सांगितली: मोठा त्रिकोण दादागिरी करतो, छोटा भांडतो, गोल घाबरतो. त्रिकोण सरकला, असं कोरडं सांगणारा विरळाच.

नागपूरकरांना हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीला झूल घालून, चाकांवर ओढत पोरं घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नंदी खडबडीत, रंग उडालेला, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. पण उंबऱ्यावर त्याचं चाक अडकलं की पोरगं ''थांब, लागलं का तुले'' म्हणत त्याला उचलून घेतं. नंदीवर किती खर्च झाला याचा त्या जिव्हाळ्याशी संबंध नाही. जीव घालण्याचं निम्मं काम बघणारा करतो. ॲनिमेटरने त्याला फक्त योग्य ठिकाणी जागा करून द्यायची.

ही जागा कशी करतात, ते 'फाइंडिंग निमो'च्या (२००३) सुरुवातीत फार स्वच्छ दिसतं. मार्लिन आणि कोरल हे माशांचं जोडपं, नवं घर, चारशेहून जास्त अंडी, नावांवरून थट्टा. मग मोठा मासा येतो. मार्लिन फटका खाऊन बेशुद्ध पडतो आणि पडदा काळा होतो. तो जागा होतो तेव्हा रात्र झालेली आहे, पाणी निळंकाळं, बायको नाही, अंडी नाहीत. मृत्यू आपल्याला दाखवलेलाच नाही. खाली एक अंडं उरलंय, त्यावर एक चीर. तो ते आपल्या पंखांत धरतो. एवढंच. पुढचे दीड तास हा बाप इतका धास्तावलेला का, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. संपूर्ण सिनेमा या काही मिनिटांवर उभा आहे.

'अप'मधला (२००९) सुप्रसिद्ध भाग त्याहून धाडसी आहे. कार्ल आणि एलीच्या लग्नापासून एलीच्या जाण्यापर्यंतचं आयुष्य चारेक मिनिटांत, एकही शब्द न बोलता. प्रवासासाठी नाणी टाकलेली बरणी, जी आधी गाडीच्या टायरसाठी फुटते, मग मोडलेल्या पायासाठी, मग छपरासाठी. टेकडी, जिच्यावर तरुण एली पुढे धावते आणि म्हातारपणी तीच एली चढताना पडते. आणि मायकल जियाकिनो यांची एकच चाल, आधी वाल्ट्झच्या ठेक्यात उड्या मारणारी, शेवटी एकट्या पियानोवर अडखळत येणारी. या संगीताला ऑस्कर मिळालं. तंत्राच्या दृष्टीने त्या चार मिनिटांत फार काही नवं नाही. जोर आहे तो पुनरावृत्तीवर. तीच वस्तू, तीच जागा, तीच चाल परत येते आणि प्रत्येक वेळी अर्थ बदललेला असतो. बरणी तिसऱ्यांदा फुटते तेव्हा आपल्या घरातली एफडी आठवते.

(माझं मत विचाराल तर 'अप'चा बाकीचा भाग या चार मिनिटांच्या तोडीचा नाही. बोलणारी कुत्री आणि विमानातली मारामारी मला कंटाळवाणी वाटते. 'निमो' सलग चांगला आहे.)

आपल्याकडे हे सिनेमे बहुतेक घरांत हिंदी डबिंगमध्येच बघितले जातात आणि डबिंग अनेकदा विनोदाची वाट लावतं. पण वर सांगितलेल्या प्रसंगांना डबिंग धक्काही लावू शकत नाही, कारण तिथे बोलणंच नाही किंवा नावापुरतं आहे. 'वॉल-ई'चा (२००८) पहिला अर्धा तासही जवळजवळ बिनसंवादाचा. सर्वांत जास्त लागणारे प्रसंग मुके असतात, हा योगायोग नाही. आपण ऐकायचं थांबवून बघायला लागलो की रिकामी जागा आपल्या आठवणींनी भरतो.

कौटुंबिक सिनेमाची आणखी एक कारागिरी असते: एकाच प्रसंगात दोन वयांसाठी दोन गोष्टी. 'टॉय स्टोरी ३'मध्ये (२०१०) खेळणी भट्टीकडे सरकतात आणि एकमेकांचे हात धरतात, तेव्हा मुलं घाबरतात. खेळण्यांचा मालक अँडी कॉलेजला निघताना ती छोट्या बॉनीला देऊन टाकतो, तेव्हा मुलं खूश असतात आणि आईबाप रडतात. ज्या शहरातून दर जून-जुलैमध्ये घरटी एक पोरगं पुण्याच्या गाडीत बसवून द्यावं लागतं, त्या शहरात हा शेवट जास्तच लागणार. आमच्या कॉलनीतल्या एक काकू म्हणाल्या होत्या, ''खेळण्याचं कायचं, मले तर त्याची रिकामी खोली दिसून राहिली होती.''

आता जरा वादाचा मुद्दा. रडू आलं म्हणजे सिनेमाने ते कमावलंच असं नाही. काही भावना उसनी असते. २०२५ चा 'महावतार नरसिंह' घ्या. भारतीय ॲनिमेशनपटांमध्ये त्याने कमाईचा विक्रम केला. चेहऱ्यांचे भाव आणि ओठांची हालचाल पाहिली तर तो वर सांगितलेल्या सिनेमांच्या जवळपासही नाही. काही प्रसंग व्हिडिओ गेमसारखे दिसतात. तरी खांब फुटतो तेव्हा लोक हात जोडतात. प्रल्हादाची गोष्ट आपण आजीकडून ऐकत मोठे झालो, भक्ती सोबत घेऊनच थिएटरात शिरलो. सिनेमाने ती जागी केली, आणि जागी करणं हीसुद्धा कला आहे, मी कमी लेखत नाही. पण तुलना करताना हे लक्षात ठेवायचं की प्रल्हाद आधीपासून आपला होता आणि मार्लिन पाच मिनिटांपूर्वी कुणाचाच नव्हता. गाजलेल्या सिनेमांचे दुसरे-तिसरे भागही असंच जुन्या पुण्याईवर खातात. 'टॉय स्टोरी ३'चा शेवट पहिले दोन भाग न बघितलेल्या माणसाला निम्माच लागतो.

कमावलेल्या भावनेचा नमुना हवा तर 'इनसाइड आउट' (२०१५). रायली नावाच्या मुलीच्या डोक्यातल्या भावना हीच पात्रं. सुरुवातीच्या आराखड्यात आनंदासोबत भीतीचा प्रवास होता. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांना बऱ्याच उशिरा कळलं की गोष्ट जमत नाहीये आणि त्यांनी भीतीच्या जागी दुःखाला आणलं. चित्रांचा दर्जा तोच, पात्रं तीच, पण जोडी बदलली आणि सिनेमाला विषय मिळाला. त्यातला छोटासा प्रसंग बघा: बिंग बाँग या कल्पनेतल्या सवंगड्याचं खेळण्यातलं रॉकेट कचऱ्यात जातं. आनंद त्याला गुदगुल्या करते, तोंडं वेडीवाकडी करते, काही उपयोग नाही. दुःख नुसती त्याच्याशेजारी बसते आणि त्याचं ऐकून घेते. तो रडतो आणि उठून चालू लागतो. कुणी वारलं की आपल्याकडे शेजारणी येऊन न बोलता बसतात, ते काहून, हे या प्रसंगात मुलांना कळतं.

याच सिनेमाचा दुसरा भाग २०२४ मध्ये आला, खर्च सुमारे २० कोटी डॉलर. त्याच वर्षी लॅटव्हिया या छोट्या देशातून 'फ्लो' आला, खर्च सुमारे ३५ लाख युरो. गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाने तो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला. एक मांजर, पूर, एक होडी आणि होडीत जमत गेलेले प्राणी. संवाद शून्य. मांजराच्या अंगावर सुटे केस नाहीत, ब्रशने फटकारल्यासारखे डाग आहेत. सावल्या ढोबळ आहेत. पण ते मांजर मांजरासारखं वागतं: आधी कान फिरवतं, मग मान, मग पाऊल उचलायचं की नाही ते ठरवतं. आवाज खऱ्या प्राण्यांचे (कॅपिबारा या प्राण्याचा आवाज मात्र जमेना, म्हणून उंटाच्या पिल्लाचा वापरला). मार्च २०२५ मध्ये ऑस्कर 'फ्लो'ला मिळालं, 'इनसाइड आउट २' त्याच यादीत असताना.

यावरून तंत्राला काही किंमतच नाही असं कुणी म्हणेल तर त्याला 'कोको' (२०१७) दाखवा. त्यात एकच गाणं तीनदा येतं. पहिल्यांदा झगमगाटात, नटव्या गायकाच्या तोंडून. दुसऱ्यांदा बापाने लेकीसाठी म्हटलेली अंगाई म्हणून. तिसऱ्यांदा गोष्टीतला मुलगा मिगेल ते आपल्या पणजीला ऐकवतो, जिला आता कुणाचंच नाव आठवत नाही. त्या पणजीचा चेहरा म्हणजे सुरकुत्यांचं जाळं. गाणं चालू असताना तिच्या डोळ्यांत ओळख उमटते, सुरकुत्या सैलावतात, आणि ती त्याच्याबरोबर गायला लागते. सगळा अभिनय कातडीच्या काही मिलिमीटरमध्ये आहे. १९९५ च्या संगणकाला ही म्हातारी काढता आली नसती. रबरी चेहऱ्यावर हे उमटलंच नसतं. बटा, बर्फ, कातडीत शिरणारा उजेड ही सगळी मेहनत अशा एखाद्या मिनिटासाठी कामाला येते, तेव्हा चित्र आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. माझ्या लेखी 'कोको' 'अप'च्या वर आहे तो यामुळे. कॉलनीत यावर एकमत नाही.

घरी तुलना करायची असेल तर आवडता प्रसंग आवाज बंद करून बघा. पोट तरीही गलबललं तर काम अभिनयाने केलंय. आवाज बंद होताच सगळं कोरडं पडलं तर व्हायोलिनवाल्यांनी केलंय. दुसरं, तो प्रसंग सिनेमाच्या आधीच्या भागाशिवाय, मोबाइलवर तुकडा म्हणून बघा. तुकड्यातच पूर्ण रडू आलं तर थोडा संशय घ्या, कदाचित ते तुमच्याच आठवणींचं असेल.

आणि घरात बारावी झालेलं कुणी ॲनिमेशन शिकतो म्हणत असेल, तर फी भरायच्या आधी त्याला ब्लेंडर उतरवून द्या. केस, धूर, स्फोट यांच्या मागे त्याने पहिले काही महिने लागूच नये. जगभर या धंद्यात पहिला धडा उसळणाऱ्या चेंडूचा असतो. एक चेंडू रबराचा वाटला पाहिजे, दुसरा लोखंडी, आणि दोन्हींचा आकार-रंग सारखाच ठेवायचा. ते जमलं की तिसरा चेंडू करायचा, ज्याला उडी मारायची भीती वाटते.